एर्गाश उस्तादांच्या दगडावर

सोमवार, ७ ऑक्टोबर. संध्याकाळी ६.
गुरुवारी सकाळी दहाला हमामातले, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरातले, मालिशवाले एर्गाश उस्ताद तिथे मला स्वतःच्या हाताने मालिश करणार. बातमी पक्की. बायकोने, ओयदिनने, त्यांच्या घरी फोन करून खात्री करून घेतली. मग माझ्याकडे बघून हसली. ते हसणं मला आवडलं नाही.

चूक माझी नाही. आमच्या मुनिसासाठी त्यांचा मुलगा बघायला गेलो होतो. बोलणं ओघाने मालिशवर आलं. तीस वर्षं व्यायामशिक्षक होतो, मागे कसा राहणार? म्हणालो, "मला तर आठवड्याला लागते. तीही कडक." उस्तादांनी चहाची वाटी खाली ठेवली. म्हणाले, "मग गुरुवारी या, व्याही. आणि रविवारी आम्ही येतो, नान मोडायला." नान मोडली की सोयरीक ठरली. म्हणजे पोरीचं लग्न आता माझ्या पाठीवर आहे.

मी आयुष्यात मालिश करून घेतलेली नाही.

मंगळवार, ८ ऑक्टोबर.
घाबरलेलो नाही. हात थंड पडलेत, पण बाहेर ऑक्टोबरची थंडी आहे.

मुनिसा नर्स आहे, त्यामुळे बोलते फार. "बाबा, उस्तादांना आधी सगळं सांगा. फेब्रुवारीत डिस्क सरकली होती ते. बीपीची गोळी चालू आहे ते. जड खाऊन जाऊ नका. आणि दुखलं तर लगेच बोला, दात आवळून पडू नका." मी म्हणालो, मी काय पेशंट आहे? होणाऱ्या व्याह्यांपुढे मुलीच्या बापाने दुखण्यांची यादी वाचायची?

शेजारचा लतीफ भेटला. उस्ताद दोन्ही गुडघे देऊन पाठीवर चढतात म्हणे. त्याच्या मेव्हण्याची किंकाळी टोपीबाजारापर्यंत गेली होती. "पण बरा झाला ना?" मी विचारलं. लतीफ म्हणाला, "बरा? आका, उंच झाला!"

बुधवार, ९ ऑक्टोबर.
निश्चय : (१) रात्री फक्त सूप. (२) उद्या उपाशीपोटी. (३) तोंडातून आवाज नाही.

सराव केला. जमिनीवर पालथा झोपलो, ओयदिनला दाबायला सांगितलं. तिने एक अंगठा टेकवला. मी फोन वाजतोय म्हणून उठलो. ती म्हणाली, "फोन तर माझ्या हातात आहे."

गुरुवार, १० ऑक्टोबर. सकाळी ७.३०.
लतीफच्या मुलाचं लग्न. आमच्याकडे लग्नाच्या दिवशी सकाळी सहालाच पुरुषांना पुलाव वाढतात. न जाणं शक्य नाही. जाऊन न खाणं त्याहून वाईट. एकच ताटली ठरवली होती. लतीफने स्वतःच्या हाताने दुसरी पुढे सरकवली, वर चरबीचा मोठा तुकडा. नाही कसं म्हणणार? शिवाय ताकद लागणारच आहे. दोन ताटल्या म्हणजे फार नाही. अडीच.

गुरुवार, दुपारी ४. (पालथा पडून लिहितो आहे.)
हमामात वाफ इतकी, की स्वतःचे पाय दिसेनात. गरम दगडावर झोपवलं. उस्तादांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "पोट रिकामं आहे ना?"
"अगदी."
"पाठीचं काही जुनं दुखणं?"
"छे."
"बीपी?"
"घोड्यासारखं, उस्ताद."
मागे पावलं वाजली. मला ते दोन गुडघे आठवले. तेवढ्यात पाठीवर काहीतरी पडलं आणि मी ओरडलो. कसा, ते लिहीत नाही. ओरडत उडी मारली, कमरेत कट्‌ झालं आणि तिथेच आडवा झालो.

"व्याही," उस्ताद म्हणाले, "ते पाणी होतं. मी अजून हात लावलेला नाही."

नंतर पुलावही बाहेर आला. तांदूळ बघून ते म्हणाले, "रिकामं पोट होय? गाजरंसुद्धा मोजता येतील!"

शुक्रवार, ११ ऑक्टोबर.
डॉक्टर म्हणतात, चार दिवस बसायचं नाही. मी दुसऱ्याच गोष्टीला घाबरतो आहे. मुनिसा सकाळपासून माझ्या खोलीत आलेली नाही. तिला तो मुलगा आवडला आहे, हे तिने सांगितलेलं नाही. पण त्याचा मेसेज आला की ती फोन पालथा ठेवते. माझ्या तोंडामुळे ही सोयरीक फिसकटली तर?

दुपारी उस्ताद स्वतः आले. माझ्या डोक्याशी बसले. मी सारवासारव करायला लागलो, त्यांनी हाताने थांबवलं.
"मंगळवारीच तुमच्या मुलीचा फोन आला होता. डिस्क, गोळी, सगळं सांगितलं तिने. म्हणाली, बाबा कबूल करणार नाहीत, हात हलका ठेवा. मी तिघांवर जोर लावत नाही : लहान मूल, गरोदर बाई आणि खोटं बोलणारा. तुम्हाला नुसता साबण लावणार होतो."
मी उशीत तोंड घातलं. विचारलं, "आणि रविवार?"
"येणार. घरात एक तरी माणूस खरं बोलतं. आम्ही तिच्यासाठी येतोय, तुमच्यासाठी नव्हे."

शनिवार, १२ ऑक्टोबर.
मुनिसा चहा घेऊन आली. वाटीत नळी घालून आणली होती, पालथ्याने पिता यावं म्हणून.

उद्या अकराला दोन्हीकडची वडीलधारी माणसं येतील. पाहुण्यांकडे माझं डोकं असावं की पाय, यावर ओयदिन आणि तिच्या बहिणीचं अजून एकमत झालेलं नाही.