काळ्या पट्ट्यांचा कोपरा

प्रिय धाकटे,

तुझ्या स्वयंपाकघरातल्या घड्याळात दीड वाजलाय. ते सात मिनिटं पुढे आहे, कुणीतरी नीट लावा. तीनला तू लेकीला शाळेतून घेऊन येशील आणि पाचला पियानो बघायला ते गृहस्थ येणार. मधल्या दोन तासांतला दीड तास मला लागू शकतो, म्हणजे हे वाचून काय ते ठरवायला तुझ्या हातात अर्धाच तास आहे. तोंडाने सांगायला हवं होतं, पण जे तोंड बारा वर्षं उघडलं नाही ते आज उघडेल याचा मला भरवसा नाही. म्हणून लिहितोय. पत्र झाकणावर ठेवून जाईन. वाचून होईपर्यंत झाकण उघडू नकोस.

तुझ्या चिठ्ठीत तू म्हणतेस, 'दादा, जरा सूर बघून घे, विकायचाय.' जरा! या डब्यात दोनशे चोवीस तारा आहेत, बाई. तू इतकी वर्षं मला त्याच्या जवळ फिरकू दिलं नाहीस. वर कुंड्या ठेवल्यास, त्यांचं पाणी लाकडावर मुरलंय, त्याचे चार गोल डाग पडलेत. डावीकडच्या जाड तारांवर गंज धरलाय. सकाळी दहाला आलो, तासभर नुसतं साफ करण्यात गेला. मग लावायला बसलो. आई म्हणायची, याला भिंतीतला खिळासुद्धा बेसूर वाटतो. वाटतो, त्याला काय करू? मला कुठल्या शाळेचा शिक्का मिळाला नाही. जे काही मिळालं ते या कानांनी मिळवून दिलं, म्हणून त्यांचा तोरा मी जरा जास्तच मिरवला. तो कुठवर नेला, तेच सांगायचं आहे.

तू नऊ-दहा वर्षांची असताना एकदा विचारलं होतंस, की दादा, तू सगळे सूर अगदी खरे का लावत नाहीस, थोडेथोडे खोटे का ठेवतोस? मी तुझं बोट धरून दाखवलं होतं. सा पासून खरा पंचम लावायचा, मग त्या पंचमाचा पंचम, असं बारा वेळा. बाराव्या खेपेला परत सा वर, म्हणजे घरी पोचायला हवं. पण पोचतो ते घराच्या जरा पुढे. शेजारच्या दोन पट्ट्यांत जेवढं अंतर असतं, त्याच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढं पुढे. ही खोट सुरांच्या मुळातच आहे. ती काढून टाकता येत नाही, कुठे ठेवायची तेवढं आपल्या हातात असतं. हल्ली ती बारा सुरांत सारखी वाटून टाकतात. सगळेच थोडे बेसूर, पण ओरडत कुणी नाही. त्यावर तू म्हणालीस, म्हणजे आपल्या घरासारखंच. आईला हसता हसता ठसका लागला होता.

त्या दिवशी तुला एक गोष्ट सांगायची राहिली. दुसरी एक जुनी रीत आहे. तिच्यात रोजच्या वापरातले गंधार अगदी खरे लावतात. इतके खरे, की दोन सुरांमधली ती बारीक थरथर थांबते आणि तार जणू डोळे मिटते. त्याच्या बदल्यात सगळी खोट काळ्या पट्ट्यांच्या एका कोपऱ्यात कोंबावी लागते. तिथे सहसा कुणी जात नाही. पण गेलंच, तर पियानो विव्हळतो. लावणारे त्या जागेला लांडगाच म्हणतात. ही रीत मला कुणी शिकवली नाही. भंगारातून उचललेल्या एका पियानोवर आठ महिने खपून मी ती बसवली होती.

बारा वर्षांपूर्वी, तुझ्या पियानोच्या परीक्षेच्या सकाळी सभागृहातला पियानो मी लावला, हे तुला ठाऊक आहे. कसा लावला, ते ठाऊक नाही.

त्या सकाळी पियानोला तू एकटीच होतीस, बाकीचे दुपारी. तुझा पहिला तुकडा जवळजवळ सगळा पांढऱ्या पट्ट्यांवरचा, संथ, गंधारांनी भरलेला. दुसरा काळ्यांवरचा. पण दुसरा नुसता यादीत लिहायचा असतो, वाजवायला कुणी सांगत नाही. तीन वर्षं मी तिथे दाराशी उभा राहून परीक्षा ऐकल्या होत्या, एकदाही कुणाला सांगितला नव्हता. मला वाटलं, माझ्या बहिणीच्या हाताखाली एकदा तरी खरे सूर वाजू देत. आणि खोटं कशाला बोलू, मला असंही वाटलं, की त्या तिघा शिकलेल्या परीक्षकांनाही कळू दे, बिनशिक्क्याचा माणूस काय करू शकतो.

तू वाजवलंस. मधल्या परीक्षकाचं पेन कागदावरून उचललं गेलं ते खाली आलंच नाही. मी दाराशी उभा होतो, माझ्या पोटरीत पेटका आला तरी हललो नाही. आणि ते इतके खूश झाले, की म्हणाले, आता दुसराही ऐकवा.

तेव्हा मी ओरडायला हवं होतं. 'थांबा, पियानो त्याच्यासाठी लावलेला नाही.' एवढंच वाक्य. पियानो विव्हळला, तू चौथ्या मात्रेला थांबलीस, पुन्हा सुरू केलंस, तो पुन्हा विव्हळला, तू पुन्हा थांबलीस. मग तू हात मांडीवर उलटे ठेवलेस आणि दुसऱ्या कुणाचे असावेत तशी त्यांच्याकडे बघत राहिलीस.

बारा वाजता, सभागृह जेवायला रिकामं झाल्यावर, मी आत गेलो आणि दीड तासात सगळा पियानो चारचौघांसारखा लावून टाकला. हात इतके कधीच भरभर चालले नव्हते. शेवटच्या तारेवर असताना तेच मधले परीक्षक आले. त्यांना शंका आली होती. विचारलं, पियानोत काही बिघाड होता का हो? मी बाजूला झालो आणि म्हणालो, तुम्हीच बघा की. त्यांनी तेच काळ्या पट्ट्यांचे सूर दाबले. स्वच्छ. ते म्हणाले, मग पोरगी घाबरली असणार. मी मान डोलावली. संध्याकाळी घरी तूही विचारलंस, दादा, पियानो ठीक होता ना? मी म्हणालो, ठीकच होता.

त्यानंतर तू झाकण लावलंस. चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासतेस, चोख तपासतेस म्हणतात, मला आनंदच आहे. मी स्वतःची समजूत घातली होती, की झालं ते झालं, तू सुखात आहेस. पण गेल्या रविवारी तुझी लेक माझ्या गुडघ्यावर बसून विचारत होती, 'मामा, मला शिकायचंय, पण आई म्हणते आपली बोटं तशी नाहीत. तशी म्हणजे कशी रे?' मी तिला काहीबाही सांगितलं. ती बोटं उजेडात धरून निरखत बसली. अगदी तुझ्यासारखी, उलटी धरून.

तर आता ऐक. मी आज पियानो विकण्यासाठी लावलेला नाही. त्या सकाळी लावला होता तसाच लावलाय, तार न् तार. तो भंगारातला पियानो अजून माझ्याकडे आहे, कान विसरलेले नाहीत. झाकण उघड. कुंड्या मी खिडकीत ठेवल्यात. आधी पहिला तुकडा वाजव, मग दुसरा, पहिल्या चार मात्रा पुरेत. विव्हळेल. विव्हळला की हातांकडे बघ, आणि लेकीलाही शेजारी उभं करून बघायला सांग. मी खाली जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसलोय, तारा पिळायची चावी खिशात आहे. साडेतीनपर्यंत हाक मारलीस, तर पाचच्या आत तो पुन्हा चारचौघांसारखा करून देईन, विकायचा तर वीक. हाक मारली नाहीस, तर त्या गृहस्थांना दारातच गाठून सांगेन, की हा पियानो विकायचा नाही. वर येऊन माझ्याशी भांडलीस तरी चालेल. मी इथेच आहे.

तुझाच,
दादा