आई दारात हात हलवते ती फिल्म

दि. ९ मार्च

चि. शेंडेफळास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे. एक दाढ काढली, जुन्या फिल्म व्हिडिओवर उतरवायच्या माझ्या दुकानाला रंग दिला. तुझं पार्सल मिळालं. "टीव्हीवर झटके न खाता चालू दे, आई मला बोलावताना नीट दिसली पाहिजे," असं लिहिलंस. दिसेल.

आधी कामाचं. बाबांनी तुला घेऊन घर सोडलं त्या दिवशीची ही फिल्म सेकंदाला सोळा चित्रांची आहे. तुझ्याकडचा व्हिडिओ कुणी घाईखोराने पंचविसाच्या वेगाने करून दिला. म्हणून गाडीवाला तुझी पेटी घेऊन पळत सुटतो, तू तुरुतुरु दाराकडे धावतोस आणि आईचा हात भराभर हलतो. मी तो मूळ वेगाला आणला. चाल गुळगुळीत व्हावी म्हणून मशीन दोन चित्रांच्या मध्ये नवी चित्रं स्वतः रचून घालतं, गिऱ्हाइकं खूश होतात. तुझ्या फिल्ममध्ये तसं एकही घातलं नाही, लागेल तिथे मूळचंच चित्र दोनदा ठेवलं. उगाच म्हणशील, ताईने काड्या केल्या. थोडा झटका राहील, तो सोस.

आई बोलावत नाहीये. "जा, जा" करते आहे, अंगणातली कोंबडी हाकलावी तशी. तू पायरीवर चढतोस, तर खांद्याला धरून तुला माघारी फिरवते. मग मला आत ओढून दार लावते.

हे मला आधीच माहीत होतं. शेवटच्या आजारपणात आईच म्हणाली, "एकालाच पोसणं जमणार होतं. मुलगी हाताखाली येते." म्हणजे माझंही त्यात काही कौतुक नव्हतं. खूप लागलं मला. तरी तुझ्यापासून लपवलं.

आणि ती गेल्यावर तू चारचौघांत काय म्हणालास? "आई मला बोलावत होती, ताईनेच तोडलं." मावशीने माझ्याशी बोलणं टाकलं. एका अक्षराने तरी मागे घेतलंस का? मला तुझा राग आला होता. अजून आहे.

काल मावशीचा फोन आला. तिला एक प्रत पाठवली होती, सगळ्यांनी जमून पाहिली. कुठेही अडकली नाही म्हणे. तुझी प्रत सोबत आहे.

घरात ठेवून घेतलेली,
ताई