पट्टा कुणाकडे आहे

लिहून ठेवणार मी, द्रौपदा सावळेराम रोकडे, वय अडुसष्ट, धंदा शेती, राहणार कळंब, ता. आंबेगाव, जि. पुणे. गाठ पोटात आहे, डोक्यात नाही. जे सांगते ते पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दाबाशिवाय. दस्त लिहिणारा ऋषी याला ताकीद दिली आहे की माझी वाक्यं गाळायची नाहीत.

१. राहतं घर व ओढ्याकडचं शेत जुन्नरला दिलेली माझी मुलगी ज्योत्स्ना हिला मिळावं. ती माझ्याशी खोटं बोलली, ते कलम चारमध्ये येईल. तरी घर तिचंच. रागापायी पोटच्या पोरीचं घर हिरावून घ्यायला मी काही माझा दीर बाजीराव नाही.

२. दीर बाजीराव यांना काही नाही. सामाईक भिंतीतला खिळासुद्धा नाही. माझा कपिल गेला त्या आठवड्यात हा माणूस भरल्या घरात म्हणाला, "वयनी, पोरगं त्या खोट्या कुस्त्यांपायी गेलं." ऋषी म्हणतो, हे दस्तात बसत नाही. बसव म्हटलं.

३. कपिल पारगावला कारखान्यावर फिटर होता. दर मंगळवारी सकाळी टीव्हीवर अमेरिकेतल्या कुस्त्या लागायच्या. त्यात जिंकेल त्याच्या कमरेला सोनेरी पट्टा. तो पट्टा कुणी कुणाकडून घेतला, हे कपिलला पार पहिल्यापासून तोंडपाठ. तो गेला त्या दिवशी पट्ट्याची कुस्ती रंगात आली आणि पाळीची वेळ झाली. बूट घालता घालता म्हणाला, "आये, शेवट बघून ठेव. आल्यावर सांग, पट्टा कुणाकडं गेला." पारगावच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉलीवर त्याची मोटरसायकल आदळली. उशीर झाला म्हणून त्यानं गाडी दामटली, हे मलाही कळतं. पण ते बाजीरावानं बोलायचं नव्हतं.

शेवट मी बघितला होता. सांगायचा राहिला, म्हणून फोटोला सांगितला. आम्ही बौद्ध. आत्मा नाही, पिंड नाही, श्राद्ध नाही, हे मी मानते. कावळ्याला घास ठेवला नाही. पण तेव्हापासून दर मंगळवारी त्याच्या फोटोपुढे उभी राहून पट्टा कुणाकडे आहे ते सांगत आले. इंग्रजी नावं जिभेवर बसेनात, म्हणून मीच नावं ठेवली. टकल्यानं तांबड्या चड्डीवाल्याकडून घेतला, टकल्याला त्याच्याच जोडीदारानं खुर्ची घालून पाडलं, मग दाढीवाला आला. कुस्त्या आधीच ठरलेल्या असतात एवढी अक्कल मला आहे, बाजीराव. पण पट्टा कुणाकडे ते माझ्या लेकराला हवं होतं ना!

४. मागच्या वर्षी कुस्त्या टीव्हीवरनं गेल्या, मोबाईलवर आल्या. माझा फोन बटणांचा. ज्योत्स्नाला म्हटलं, तू बघून सांगत जा. ती दर मंगळवारी सांगायची, "दाढीवालाच हाय गं आये." मी तेच फोटोला सांगायचे. परवा मंचरला मोबाईलच्या दुकानात सहज विचारलं, तर तो पोरगा हसायला लागला.

"आज्जे, दाढीवाला कवाच रिटायर झाला."

"मग पट्टा?"

"कुणाला म्हाईत? मी बी आता बघत न्हाई."

ज्योत्स्नाला धारेवर धरलं. रडत म्हणाली, "आये, तुला बरं वाटावं म्हणून." बरं! वर्षभर मी माझ्या मेलेल्या पोराला खोटं सांगत होते. आता कोणी खरं शोधून आणलं तरी मधलं तुटलं ते तुटलंच. त्या दिवसापासून मी फोटोकडे पाठ करून भाकरी थापते. डॉक्टर ऑपरेशनचं म्हणतात. नको म्हटलं. मंगळवारी उठायचं कशाला?

५. टीव्ही आणि छपरावरची त्याची छत्री भंगारात घालावी. बाजीरावाला नेऊ देऊ नये.

६. मयत बौद्ध पद्धतीनं करावं. त्रिशरण-पंचशील म्हणावं, बाकी सोंगं नकोत. ज्योत्स्ना माझा फोटो लावल्याशिवाय राहायची नाही. लावू दे. पण कपिलच्या शेजारी लावू नये, आतल्या खोलीत लावावा. तो विचारील, आणि मला माहीत नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. एक अक्षर बदललेलं नाही. अंगठा नाही, सही करते.

द्रौपदा सावळेराम रोकडे

साक्षीदार:
१. हौशीराम कुशाबा थोरात, कळंब
२. प्रयागबाई कुंडलिक भालेराव, कळंब

ठिकाण: मंचर
दिनांक: १७ फेब्रुवारी २०२६