कोलोनच्या चर्चपाशी भेटलेला गवंडी

कोलोन, जर्मनी

बाबा, सप्रेम जयभीम.

मी बरी आहे. दवाखान्यातली ड्यूटी चांगली चालू आहे, जेवण वेळेवर होते.

काल इथलं जुनं चर्च बाहेरूनच पाहिलं. त्याची दोन टोकदार शिखरं पाहता पाहता मान दुखली. काळ्या दगडात पानंफुलं कोरली आहेत. तुमीच आठवले.

खाली एक गवंडी झिजलेला दगड बदलून राहिला होता. मी म्हटलं, "माझे बाबाही पांढुर्ण्याले गवंडी आहेत."

"सध्या काय बांधून राहिले?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, "विचारून सांगते." व्हिसाचे कागद अडकले म्हणून मी आईच्या मातीले पोचली नाही, तेव्हापासून तुमी फोनवर येतच नाही.

रविवारी अंकुशदादा फोन तुमच्या कानाले लावन. तुमी नाही बोलले तरी चालन. फक्त फोन कापू नका.

तुमचीच,
अश्विनी