गच्ची वस्तीचीच राहील

मी, चिमाबाई भिमाजी ओव्हाळ, वय ६८, अंगणवाडीतून निवृत्त, राहणार भाजे, ता. मावळ, जि. पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय करते. मन ठिकाणावर आहे. हल्ली त्यात फारसं काही हलत नाही, एवढंच.

१. पती भिमाजी वारले. घर माझ्या कमाईचं आहे. ते व बँकेतली ठेव पुतण्या आकाश यास मिळावी. त्याला वर मजला चढवून शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना खोल्या द्यायच्या आहेत. हे तो मला सोडून सगळ्या गावाला सांगत असतो, म्हणून पुढचं कलम.

२. गच्ची आकाशची नाही. वस्तीत स्लॅब माझ्याच घराला आहे, बाकीच्यांना पत्रे. त्यामुळे सहा घरांनी मिळून घेतलेली सौर पॅनेलं माझ्याकडे बसवली. ती हलली तर सगळ्यांची बिलं पुन्हा पहिल्यासारखी येतील. गच्चीचा कायमचा वापर सहा घरांच्या गटाकडे राहील. आकाशने तिथे एक वीट जरी ठेवली, तर घरही गटाचं.

३. शेजारीण शकुबाई हिने भिंत घालून माझ्या मोरीचं पाणी अडवलं. ते मी माफ केलेलं नाही. तिला काही ठेवत नाही.

४. गच्ची का दिली ते सांगते. आमच्यात विजेचा वाटा घरटी नाही, माणशी असतो. दर बुद्धपौर्णिमेला विहारात बसून माणसं मोजतात. मूल झालं की वाटा वाढतो, माणूस गेलं की कमी होतो. माझी मुलगी प्रतीक्षा हिच्या स्कूटीला अपघात झाला, त्यानंतरच्या मोजणीत गटाची वही रतनभाऊ लिहीत होते. माझ्या घरापाशी त्यांचा हात थांबला. शकुबाईच्या सासूचं नाव त्याच दिवशी कमी झालं होतं. शकुबाईच म्हणाली, "दोघी हायती तितं. लिवा की भाऊ, थांबलाय कशाला?"

तेव्हापासून दरवर्षी दोघी लिहितात. कोणी हरकत घेतली नाही. मी एक दिवा लावते, बाकीचा वाटा तसाच पडून राहतो.

५. माझ्यानंतर होणाऱ्या मोजणीत माझं नाव कमी करावं. प्रतीक्षाचंही करावं. आमचे दोन्ही वाटे उरलेल्या घरांनी वाटून घ्यावेत. तोंडाने मला हे कधी म्हणता आलं नाही, म्हणून इथे लिहून देते. माझी मुलगी प्रतीक्षा मयत आहे.

सही: चिमाबाई भिमाजी ओव्हाळ

आमच्यासमोर वाचून सही केली. साक्षीदार:
१. अतुल साबळे, निवृत्त शिक्षक, मळवली
२. स्नेहल शिंदे, परिचारिका, लोणावळा

ठिकाण: भाजे
दिनांक: १९ जानेवारी २०२६