जीभ बाहेर, आर्डिस शिवणाच्या खोलीत

३ फेब्रुवारी, मंगळवार

चालू झालं एकदाचं! महिन्यापूर्वी छातीत कातडीखाली बसवलेलं काडेपेटीएवढं यंत्र आज दवाखान्यातल्या होदान नावाच्या तंत्रज्ञ पोरीने सुरू केलं. रात्री झोपताना रिमोटने चालू करायचं, सकाळी बंद. मी श्वास घेतला की जिभेच्या नसेला झटका, जीभ पुढे, घसा मोकळा. घोरणं बंद, झोपेत श्वास अडकणं बंद — आणि बायको परत पलंगावर! सहा वर्षं आर्डिस शिवणाच्या खोलीत झोपतेय.

होदान जोर वाढवत विचारत होती, "दुखतंय का काका?" म्हटलं, "वाईट नाही." तिने आणखी वाढवला. "आता?" "वाईट नाही." डोळ्यांतून पाणी येत होतं. पण पोरीला कशाला त्रास द्या!

८ फेब्रुवारी

घोरणं बंद. जीभ दातांवर घासून सोलली. आर्डिस तिथेच. विचारावं म्हटलं. नाही विचारलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

देवा! सकाळी घाई झाली, रिमोटने यंत्र बंद करायचं राहिलं. चर्चच्या दारात पास्टरबाईंनी हात मिळवला. "व्हर्लिन, कसा आहेस?" मी श्वास घेतला — जीभ बाहेर! पुन्हा श्वास — पुन्हा बाहेर! श्वास कोंडून उभा राहिलो तर तोंड लालबुंद. बाई म्हणाल्या, "हं... हे जरा वेगळंच." आमच्या मिनेसोटात याहून जहाल कुणी बोलत नाही. नंतर तळघरात कॉफीला जमलो तेव्हाही कुणी चकार शब्द काढला नाही. सगळ्यांनी खिमा-बटाट्याची भाजलेली हॉटडिश मात्र मला दोन-दोनदा वाढली.

आर्डिस गाडीत घरापर्यंत हसत होती. कितीतरी दिवसांनी!

२४ फेब्रुवारी

आर्डिसने मला दवाखान्यात नेलं. होदानला म्हणाली, "हा 'वाईट नाही' म्हणाला की पाय मोडलाय असं समजायचं." होदानने कपाळावर हात मारला. "काय तुम्ही मिनेसोटावाले! आम्ही सोमाली लोक दुखलं की ओरडतो, काका. ओरडा की!" जोर कमी केला. आता ठीक. खरंच ठीक.

१ मार्च

तिची उशी गुपचूप पलंगावर आणून ठेवली. संध्याकाळी बघतो तर परत शिवणाच्या खोलीत. माझंच काही चुकलं असणार. वाईट वाटलं. फार वाईट.

४ मार्च

काल शेवटी विचारलंच. "आता घोरत नाही मी. मग का गं?"

आर्डिस गोधडीची घडी घालत राहिली. "घोरण्याला कोण कंटाळलं होतं? तुझा श्वास मधेच थांबायचा ना, ते शेजारी पडून सोसवेना. भिंतीपलीकडून ऐकायचे. परत घोरलास की मग डोळा लागायचा. आता आवाजच नाही. जिवंत आहेस हे मला कळायचं कसं? उठून उठून दाराशी येते, वेड्या."

सहा वर्षं! मला रडू आलं. तिचा हात धरून छातीवर ठेवला. "इथे झोप. कळेल."

रात्रभर तिचा हात तिथेच होता, बर्फासारखा गार. सकाळी विचारलं, झोप लागली का?

"वाईट नाही," म्हणाली.