चिकटलेली पट्टी हालली

कुरुंदा, रविवार संध्याकाळ

हालली! वर्षभर जिच्यामागे लागले होते ती सिलिकॉनची पट्टी आज हालली, आणि मी नेमकी सुट्टीवर घरी. आईबरोबर अंगणात वाळलेली हळद निवडत होते, तेवढ्यात प्रयोगशाळेतून माझ्यासोबत काम करणाऱ्या स्नेहलचा फोन. "मोकळी आहे गं! ग्राफवर हालल्याचं टोक आलंय!" मी तीनदा विचारलं, खरंच चिकटली नाही? केसाच्या हजाराव्या भागाइतकी पातळ पट्टी. धुतल्यावर पाणी सुकताना दरवेळी तळाला चिकटायची. या वेळी सुकवायची रीत बदलली, बस.

आई म्हणाली, "दिसत न्हाई, तं हालली कशावरून म्हणून राहिली?"

"विजेनं हलवतो, विजेनंच मोजतो. पुढं कधी तिच्यावर एखादा विषाणू बसला, तरी तिचा ताल बदलेल. रोग लवकर कळेल."

"मंग आता रोज हालंल?"

एकच हालली, सोबत बनवलेल्या बाकीच्या चिकटल्याच. तीही हवा काढलेल्या पेटीत. उघड्यावर टिकेल का, माहीत नाही. तसंच सांगितलं.

आई उठली, साखरेचा डबा घेऊन शेजारच्या काकूंच्या दारात गेली. "आमच्या पोरीची पट्टी हालली!"

"कोणती पट्टी?"

"लई बारीक असते, तुमाला न्हाई दिसायची. साखर घ्या."